पहिल्या कादंबरीचे मुखपृष्ठ कोणी ठरवावे?

पत्र : मी मुंबई महापालिकेच्या जल अभियंता खात्यातून दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झालो. भांडुपच्या टेकडीवरील एका चाळवस्तीत पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यावर मी लिहिलेली ‘शेवटचा नळ’ ही माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकांनी स्वीकारली असून ती दिवाळीच्या सुमारास निघेल. त्यांनी मुखपृष्ठाचा जो नमुना पाठवला आहे, त्यात मरीन ड्राइव्ह, पाऊस आणि छत्री घेतलेली पाठमोरी तरुणी आहे. माझ्या पुतण्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दुसरे चित्र करून दिले, त्यात सोनेरी उजेडात चमकणारा नळ आहे. मित्र म्हणतात, मजकूर चांगला असला की मुखपृष्ठावाचून काही अडत नाही. प्रकाशक म्हणतात, वेगळा चित्रकार हवा असल्यास त्याचे मानधन मी द्यावे. या दोहोंपैकी कोणते चित्र निवडावे? पदरचे पैसे घालावेत का? आणि मलपृष्ठावर माझे छायाचित्र असावे का? – एक वाचक, मुलुंड

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत दोन्ही चित्रे आणि कादंबरीची पहिली तीन प्रकरणे आपण पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण मजकूर न वाचता मुखपृष्ठाविषयी बोलणे मला जमत नाही. दोहोंपैकी कोणते चित्र निवडावे असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही बाजूला ठेवावीत. पहिले चित्र देखणे आहे आणि दुसऱ्यातील नळ फारच चकचकीत आहे. पण ही चित्रे ज्यांनी केली त्यांनी आपली कादंबरी वाचलेली नाही, हे पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर पोहोचलेल्या कोणाच्याही लक्षात येईल. आपल्या कादंबरीत पाऊस जवळजवळ नाहीच. तीत एप्रिल-मे महिन्यांतील पाणीकपात आहे, पहाटे साडेचारची रांग आहे, पिंपे सरकवल्याचा आणि कळशा आपटल्याचा आवाज आहे. मरीन ड्राइव्हवरची छत्री पाहून जो वाचक हे पुस्तक घेईल त्याला हळुवार प्रेमकथा हवी असेल आणि त्याच्या हाती टेकडीवरच्या पाण्याचा दाब पडेल. आणि ज्याला ही कादंबरी मनापासून आवडली असती, तो ती छत्री पाहून शेजारच्या पुस्तकाकडे वळेल. चुकीच्या मुखपृष्ठाने असे दोन्हीकडून नुकसान होते.

आपल्या मित्रांचे म्हणणे मी गेली तीस वर्षे, प्रकाशन व्यवसायात पुस्तकांच्या निर्मितीचे काम करताना, अनेकांच्या तोंडून ऐकत आले आहे. त्यामागची भावना चांगली आहे, आणि नामवंत लेखकाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. ज्याचे नाव वाचकांच्या ओठांवर आहे, त्याचे नाव हेच त्याचे मुखपृष्ठ असते; कोऱ्या पुठ्ठ्यावर ते मोठ्या अक्षरांत छापले तरी प्रती जातात. आपले नाव मात्र अजून खात्यातल्या सहकाऱ्यांपलीकडे कोणाला ठाऊक नाही, आणि कादंबरीवर परीक्षण येईल तेही पुस्तक बाजारात गेल्यानंतर. तोपर्यंत अनोळखी माणसाला आपल्या कादंबरीविषयी जे काही कळणार आहे ते शीर्षकातून, चित्रातून आणि मलपृष्ठावरच्या चार-पाच ओळींतूनच कळणार आहे. म्हणून मुखपृष्ठाची निकड सर्वांत जास्त असते ती नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला, आणि सर्वांत कमी लक्षही नेमके तिथेच दिले जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

एखाद्या शनिवारी संध्याकाळी दादर पश्चिमेला स्टेशनाजवळच्या पुस्तकांच्या दुकानात अर्धा तास नुसते उभे राहून पाहा. माणूस रॅकसमोर येतो, नजर पुस्तकांच्या कण्यांवरून, म्हणजे रॅकवर बाहेर दिसणाऱ्या अरुंद कडांवरून सरकते, एका कण्यावर बोट थांबते आणि पुस्तक वरच्या टोकाशी धरून थोडेसे बाहेर ओढले जाते. मुखपृष्ठ दिसते न दिसते तोच हात ठरवतो की ते पूर्ण बाहेर काढायचे की परत आत ढकलायचे. बाहेर आलेच तर ते उलटले जाते, मलपृष्ठावरच्या ओळी वाचल्या जातात, त्यांच्याखालची किंमत पाहिली जाते आणि त्यानंतर कुठे मधलेच एखादे पान उघडले जाते. या क्रमात आपल्या मजकुराची पाळी सर्वांत शेवटी येते. तिथपर्यंत वाचकाला आणून सोडण्याचे काम मुखपृष्ठाला करायचे असते, आणि त्यासाठी त्याने सुंदर असणे पुरेसे नसते. पुस्तक कशाविषयी आहे आणि कोणत्या आवाजात बोलते आहे, हे त्याने खरेपणाने सांगावे लागते.

ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून ती इथे सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी ज्या प्रकाशनसंस्थेत काम करत होते तिथे एका नव्या लेखिकेची कादंबरी आली. 1982च्या गिरणी संपानंतर घरी बसलेल्या बापाची आणि शिवणकामावर घर चालवणाऱ्या त्याच्या मुलीची ती गोष्ट होती. करकरीत, राग दाबून लिहिलेली. छपाईची तारीख जवळ आली होती, म्हणून मी चित्रकाराला केवळ पहिले प्रकरण पाठवले. ते प्रकरण नेमके कोकणातल्या आजोळी घडत होते. चित्रकाराने अत्यंत मन लावून जलरंगात कौलारू घर, पडवी आणि अंगणातली तुळस काढली, आणि ते चित्र इतके प्रसन्न होते की कार्यालयातल्या कोणीच त्याला हरकत घेतली नाही. पुस्तक निघाल्यावर दुकानदारांनी ते आठवणी आणि ललित लेखांच्या रॅकवर लावले. बालपणीच्या आठवणी वाचायच्या म्हणून घेतलेल्या वाचकांनी ते अर्ध्यावर ठेवले. लेखिकेला पुढे वर्षभर प्रत्येक कार्यक्रमात ‘ही कादंबरी आहे आणि ती लालबागेत घडते’ असे सांगत बसावे लागले. चित्रकाराचा त्यात काडीमात्र दोष नव्हता. त्याला जेवढे दिले तेवढे त्याने चोख वाचले होते. तेव्हापासून संपूर्ण संहिता हाती पडल्याशिवाय मी कोणालाही मुखपृष्ठाचे काम दिले नाही, आणि आपल्यालाही माझा मुख्य सल्ला हाच आहे : मुखपृष्ठ कोणीही करो, त्याने आधी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असावी, आणि एवढ्या एका गोष्टीवर आपण अडून बसावे.

मराठीत ही अपेक्षा नवी नाही. चित्रकार दीनानाथ दलाल (1916–1971) यांच्या काळात मुखपृष्ठे ब्लॉकवरून, म्हणजे धातूच्या ठशांवरून छापली जात. प्रत्येक रंगासाठी वेगळा ब्लॉक करावा लागे आणि कागद यंत्रातून पुन्हा एकदा काढावा लागे, म्हणून दोन-तीन रंगांतच काम भागवणे भाग असे. त्या मर्यादेमुळे चित्रकाराला आधी ठरवावे लागे की या पुस्तकातले एकच काय दाखवायचे. व्यंगचित्रकार वसंत सरवटे (1927–2016) तर व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते, हे आपल्याला वाचून आनंद होईल. त्यांच्या मुखपृष्ठांत आणि कथाचित्रांत मजकुरातल्या प्रसंगाची नक्कल सहसा नसते. मजकुराकडे पाहण्याची एक नजर असते, आणि ती नजर वाचनाखेरीज येत नाही. आज संगणकावर हजारो रंग आणि लाखो तयार छायाचित्रे हाताशी असताना हे निवडण्याचे कष्टच टाळले जातात, आणि मुंबई म्हटले की मरीन ड्राइव्ह, पाणी म्हटले की पाऊस, स्त्री म्हटली की पाठमोरी आकृती असे तयार उत्तर हाती येते. आपल्या प्रकाशकांकडून आलेला नमुना असाच तयार झाला असावा.

पुतण्याच्या चित्राविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याने ते प्रेमाने केले आहे आणि त्याला वाईट वाटू नये अशी आपली इच्छा पत्रातून दिसते. त्या चित्रातला नळ कोणत्यातरी श्रीमंत न्हाणीघरातला आहे. आपल्या तिसऱ्या प्रकरणातल्या नळाला जुन्या धोतराच्या फडक्याचा तुकडा गाळणीसारखा बांधलेला आहे, आणि पाणी येण्यापूर्वी त्यातून आधी हवा फुसफुसते. तो नळ ज्याने पाहिला आहे त्याला सोनेरी नळ परका वाटेल. शिवाय त्या चित्रात अक्षरेही यंत्रानेच काढलेली दिसतात. ‘शेवटचा’मधील मात्रा शिरोरेषेपासून सुटून बाजूला गेली आहे, आणि ‘नळ’मधल्या ‘ळ’चा चक्क ‘ल’ झाला आहे. ‘ळ’ गेला की शीर्षकातून मराठीच गेली. ‘नल’ हा तर हिंदीतला नळ. पुतण्याला हे दाखवा, त्याच्या लक्षात येईल. त्याच्या संगणकाच्या ज्ञानाचा उपयोग दुसऱ्या एका कामासाठी होणार आहे, ते पुढे लिहिते.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबते, कारण मराठी मुखपृष्ठांत सर्वांत जास्त हेळसांड होते ती इथे. रोमन लिपीत मोठी आणि लहान अक्षरे वेगळी असतात, त्यामुळे नुसती मोठी अक्षरे वापरूनही शीर्षकाला उठाव देता येतो. देवनागरीत ती सोय नाही. आपल्याकडे उठाव द्यायचा तो अक्षराच्या जाडीने, उंचीने, शिरोरेषेच्या बांधणीने आणि वेलांट्या-मात्रांना मोकळी जागा देऊन. म्हणूनच अक्षरकार कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके लोकांना चित्रासारखी आठवतात, आणि म्हणूनच सुलेखनकार र. कृ. जोशी (1936–2008) यांच्यासारख्या माणसाने देवनागरी अक्षराच्या अभ्यासात हयात घालवली. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे दिसत आलेला ‘मंगल’ हा टाइप (अक्षरसंच) त्यांच्याच हातचा. आपले शीर्षक या दृष्टीने फार भाग्यवान आहे. ‘शेवटचा’ हा लांब शब्द आहे, त्यात मात्रा आहे, काना आहे, ‘ट’चा गोलावा आहे, त्याच्याखाली ‘नळ’ हा दोनच अक्षरांचा, एकही मात्रा किंवा वेलांटी नसलेला उघडा शब्द येतो. चांगला अक्षरकार या दोन शब्दांच्या वजनातल्या फरकातूनच अर्धे मुखपृष्ठ उभे करील. ‘श’ कोणत्या वळणाचा आहे हेही पाहून घ्या. अनेक टाइपांत हिंदी वळणाचा शेंडीफोड ‘श’ असतो. मराठीचा गाठीचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2009च्या निर्णयाने प्रमाण ठरवला आहे, आणि मराठी वाचकाच्या डोळ्याला तोच घरचा वाटतो.

चित्र असलेच पाहिजे असेही नाही. 1935 साली इंग्लंडमध्ये पेंग्विन या प्रकाशनसंस्थेची स्वस्त पुस्तके निघाली तेव्हा त्यांच्या मुखपृष्ठांवर रंगाचे आडवे पट्टे आणि नावे एवढेच होते. नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे गुन्हेकथा, निळा म्हणजे चरित्र, हे वाचकांनी आपोआप ओळखले. आपल्या चित्रकाराने केवळ अक्षरांचे मुखपृष्ठ सुचवले तर ‘पैसे देऊन चित्र नाही’ असे मनात आणू नका.

आता आपण स्वतः काय करायचे ते. लेखकाने मुखपृष्ठाची कल्पना सुचवू नये, सामग्री पुरवावी, असे माझे ठाम मत आहे. ‘वर डोंगर, खाली नळ, डावीकडे चावीवाला, मागे उगवता सूर्य’ असे लेखक सांगू लागला की चित्रकाराचा केवळ हात उरतो, नजर जाते. त्याऐवजी संहितेसोबत एका पानाचे टिपण द्यावे. कादंबरी कोणत्या वर्षांत आणि कोणत्या वस्तीत घडते, तिचा सूर कसा आहे, ती कोणी वाचावी असे आपल्याला वाटते, आणि तिच्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या वस्तू कोणत्या, एवढे त्यात असावे. आपल्या तीन प्रकरणांतच मला किती तरी वस्तू दिसल्या : व्हॉल्व्ह फिरवायची ती कमरेपेक्षा उंच, आडव्या दांड्याची लोखंडी चावी, निळ्या पिंपांवर ऑइलपेंटने घातलेले खोल्यांचे क्रमांक, आणि माणसाच्या जागी रांगेत रात्रभर नंबर धरून बसलेली फुटकी बादली. या बादलीचा परिच्छेद मी दोनदा वाचला. चित्रकार यातली एखादी वस्तू घेईल किंवा यांपैकी एकही न घेता चौथेच काही करील. तो त्याचा अधिकार. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून शहराचे पाणी जाते आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर ते शेवटच्या नळापर्यंत चढत नाही, ही कादंबरीची मूळ वेदनाही टिपणात एका वाक्यात लिहा, कारण बाहेरच्या चित्रकाराला ती ठाऊक असेलच असे नाही. शेवटच्या प्रकरणात काय घडते ते चित्रातून उघड होऊ नये असे वाटत असेल तर तसेही स्पष्ट लिहा. आणि शक्यतो चावीवाल्याचा चेहरा दाखवू नये असे सुचवा. वाचकाने आपल्या शब्दांवरून तो चेहरा स्वतः रचायचा असतो, आणि मुखपृष्ठावर एकदा दिसला की तो मनातून पुसता येत नाही.

कादंबरी पाण्याची असल्यामुळे निळ्या रंगाविषयी आधीच सावध करते. संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, छपाईतला रंग सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांच्या मिश्रणाचा असतो, आणि पडद्यावर झळाळणारा गडद निळा कागदावर अनेकदा मंद किंवा जांभळट होऊन उतरतो. त्यावर मॅट, म्हणजे बिनचकाकीचे, लॅमिनेशन चढले की तो आणखी दबतो. शिवाय गडद रंगाच्या मॅट मुखपृष्ठावर हाताळल्याचे डाग आणि ओरखडे लवकर दिसू लागतात. म्हणून मोबाइलवर आलेले चित्र पाहून संमती देऊ नका. ज्या आर्ट कार्डवर (गुळगुळीत जाड कागदावर) मुखपृष्ठ छापले जाणार आहे त्यावरचे रंगीत प्रूफ मागा आणि ते दिवसाउजेडी खिडकीशी नेऊन पाहा.

पुतण्याचे काम इथे येते. तयार झालेले मुखपृष्ठ त्याला अंगठ्याच्या नखाएवढे लहान करायला सांगा आणि मोबाइलवर दुसऱ्या दहा पुस्तकांच्या मुखपृष्ठांमध्ये ठेवून दाखवायला सांगा. आज पुष्कळ वाचक पुस्तक पहिल्यांदा याच आकारात पाहतात. त्या आकारात ‘नळ’ वाचता आला पाहिजे. बारीक नक्षी, पातळ अक्षरे आणि उपशीर्षके तिथे विरून जातात. मग तेच मुखपृष्ठ खऱ्या मापात छापून, घरातल्या एखाद्या पुस्तकाला गुंडाळून कपाटात उभे ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहा. ही चाचणी फुकट आहे आणि ती कोणत्याही तज्ज्ञाच्या मतापेक्षा जास्त सांगते.

कपाटाचा विषय निघाला म्हणून कण्याविषयी लिहिते. कादंबरी आयुष्याची बहुतेक वर्षे कण्यानेच जगाला दिसते, तरी कण्याचा विचार शेवटच्या दिवशी होतो. आपली कादंबरी डेमी आकारात 240 पृष्ठांची होईल असे आपण लिहिले आहे. म्हणजे 16 पृष्ठांचे 15 फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले भाग), कागदाची 120 पाने. 80 जीएसएमच्या (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदाचे एक पान सुमारे 0.1 मिलिमीटर जाड धरले तर कणा 12 मिलिमीटरच्या आसपास होतो. त्यात शीर्षक चांगले मोठे बसते. पण कागद बदलला किंवा शेवटच्या प्रूफात एक फॉर्म वाढला की हे माप बदलते, आणि कण्यावरची अक्षरे घसरून मुखपृष्ठावर येतात. म्हणून पृष्ठसंख्या आणि कागद पक्का होईपर्यंत कणा अंतिम करू नये. आणखी एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात : ग्रंथालये कण्याच्या तळाशी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात. तिथे लेखकाचे नाव घातले की ते कायमचे झाकले जाते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या 1898पासून चालत आलेल्या संस्थेत किंवा आपल्या मुलुंडच्या एखाद्या वाचनालयात पुस्तकांच्या रांगेसमोर उभे राहिलात तर किती लेखक त्या चिठ्ठ्यांखाली गेले आहेत ते दिसेल. आपले नाव कण्याच्या वरच्या दोन तृतीयांश भागात घ्यायला सांगा.

पैशांचा प्रश्न आपण संकोचाने विचारला आहे. संकोच करू नका. मुखपृष्ठाचा खर्च हा निर्मितीखर्च आहे आणि तो प्रकाशकाने करावा, अशीच या व्यवसायातली रीत आहे. म्हणून आधी पैसे देऊ करू नका. प्रकाशकांना पत्र लिहा की, आपल्याच नेहमीच्या चित्रकाराने संहिता वाचून नवा नमुना करावा, मी टिपण आणि छायाचित्रे पुरवतो, आणि लागल्यास त्यासाठी प्रकाशन पंधरा दिवस लांबले तरी माझी हरकत नाही. पुष्कळदा एवढ्याने काम होते, कारण अडचण पैशांची नसून वेळेची असते. प्रकाशकांना मरीन ड्राइव्हचे चित्र वाईट आहे असे म्हणू नका. ‘हे चित्र पाहून वाचक वेगळ्या पुस्तकाची अपेक्षा करील’ असे म्हणा. ते खरेही आहे आणि विक्रीची काळजी करणाऱ्या माणसाला ते लगेच पटते. अंतिम निर्णय बहुतेक करारांत प्रकाशकाचा असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. करारावर अजून सही झाली नसेल तर ‘मुखपृष्ठ लेखकाशी विचारविनिमय करून ठरवले जाईल’ एवढे एक वाक्य त्यात घालून घ्या.

इतके करूनही त्यांनी नकार दिला, तर मी आपल्या जागी पदरचे पैसे घातले असते. प्रकाशनसमारंभाचे सभागृह, हारतुरे आणि अल्पोपाहार यांवर नवे लेखक जेवढा खर्च आनंदाने करतात, त्याच्या काही अंशात एक चांगला तरुण चित्रकार मन लावून काम करतो. समारंभ दोन तासांत संपतो. मुखपृष्ठ पुस्तकासोबत राहते. मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणांहून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांमध्ये मराठी वाचणारी मुले आहेत, त्यांच्यापैकी कोणाचे काम आवडते ते पाहा; पण ‘तू मराठी कादंबरी पूर्ण वाचशील का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

चित्रकाराशी बोलणी झाली की ती कागदावर आणा. आपल्याकडे 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना मुखपृष्ठाच्या हक्कावरून अडायला नको, म्हणून पुढील आवृत्त्या, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि अनुवाद यांसाठी हे चित्र वापरता येईल की नाही हे आधीच लिहून घ्या. दोनपेक्षा अधिक वेळा बदल सांगायचे असल्यास त्याचे वेगळे मानधन ठरवा. चित्रकाराला फुकटात दहा नमुने करायला लावणे मला गैर वाटते. इंटरनेटवरून उचललेले छायाचित्र वापरले जाणार नाही याचीही त्याच्याकडून लेखी खात्री घ्या. आणि श्रेयपानावर त्याचे नाव आहे की नाही हे शेवटच्या प्रूफात आपण स्वतः तपासा, कारण ते राहून गेले तर त्याची आठवण दुसरे कोणी करत नाही.

छायाचित्राविषयी थोडक्यात सांगते. मलपृष्ठावर ते नको. ती जागा कादंबरीविषयीच्या ओळींची आहे, आणि खालच्या कोपऱ्यात आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा) बारकोड व किंमत येणार आहे. आपला परिचय आणि लहान छायाचित्र शेवटच्या पानावर द्या. परिचयात पुरस्कारांपेक्षा आपण किती वर्षे पाणीपुरवठ्यात काम केले ते आधी लिहा. या कादंबरीच्या वाचकाला तेच जाणून घ्यायचे असेल. मलपृष्ठावर एखाद्या मोठ्या साहित्यिकाचा अभिप्राय मिळवण्यासाठी आपण धडपडत असल्याचे लिहिले आहे. अभिप्राय मिळाला तर उत्तम, पण त्याऐवजी बादलीचा तो परिच्छेद जसाच्या तसा मलपृष्ठावर छापला तर मला जास्त आवडेल.

चित्रकार ठरला आणि त्याने कादंबरी वाचून संपवली की त्याला एकदा पहाटे साडेचारला त्या टेकडीवर घेऊन जा. आदल्या दिवशी तिथल्या चावीवाल्याला आणि रांगेतल्या बायांना सांगून ठेवा की कोण येणार आहे आणि कशासाठी, आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी त्यांना विचारा. कॅमेरा बाहेर काढण्याआधी चावीवाल्याची ती चावी त्याला एकदा हातात धरू द्या आणि व्हॉल्व्ह उघडल्यापासून शेवटच्या नळाला पाणी येईपर्यंत किती वेळ जातो, तेवढा वेळ त्याला तिथे उभे राहू द्या.